थोरल्या आईंची खारट माती

१. रिकामा खड्डा

पहार पुन्हा पुन्हा मातीत जात होती, पण लाकडावर आपटल्याचा आवाज काही येत नव्हता. खणणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खड्डा कमरेइतका झाला, छातीइतका झाला, आणि मग पहारीखाली खडक खणाणला. थोरल्या आईंची पेटी जागेवर नव्हती.

हेरनेसच्या मठातले साधू, साध्वी, नोकर, पाहुणे सगळे खड्ड्याभोवती जागच्या जागी थिजले. उद्या दुपारी बिशप येणार होते. हा मठ उभारणाऱ्या टिडबुर्गला, म्हणजे साऱ्या किनाऱ्याच्या थोरल्या आईंना, मातीतून वर काढायचं, अस्थी धुवायच्या, कोऱ्या कापडात गुंडाळून वेदीशेजारी ठेवायच्या आणि सगळ्यांदेखत त्यांना संत म्हणायचं, असा बेत होता. आज फक्त माती सैल करून ठेवायची होती. स्वयंपाकघरात हंस सोलून तयार होते आणि बिअरची पिंपं भरली होती. नवऱ्यामुलीचाच पत्ता नाही अशा लग्नघरासारखी मठाची अवस्था झाली.

गर्दीच्या मागे दुन्ना उभी होती. थोरल्या आईंचं चरित्र लिहायचं काम तिचं. कित्येक वर्षं ती किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून चमत्कार गोळा करत होती. कुणी काहीही सांगितलं की हिचा पहिला प्रश्न ठरलेला: पाहिलं कुणी? साक्षीदाराचं नाव मिळाल्याशिवाय ती वासराच्या कातड्यावर एक अक्षर उतरवायची नाही. लोक तिला लांबून बघूनच गवताच्या गंजीमागे लपत.

आता सगळ्यांच्या नजरा विल्सविथकडे वळल्या. ही म्हातारी तरुणपणी थोरल्या आईंची सेवेकरी होती. थडग्यावर उतरत्या छपराचं छोटंसं लाकडी घर होतं. त्याच्या बाजूला हात जाईल एवढं भोक होतं आणि छपराला कुलूप. त्या कुलपाची एकच किल्ली, ती विल्सविथच्या कमरेच्या दोरीला. काल रात्री रिवाजाप्रमाणे थडग्यापाशी ती एकटीच जागत बसली होती.

"किल्ली काल कुणाला दिलीस?" मठमाता रिकुलांनी विचारलं.

"काल कुणाला दिली नाही, आई. डोळासुद्धा लागला नाही माझा."

"मग पेटीला पंख फुटले वाटतं," सरदार सिगबाल्ड म्हणाला. हा थोरल्या आईंचा भाचा. मठाची जमीन आपल्या घराण्यात परत यावी म्हणून तो टपून बसला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रिकुला वाईट बाई नव्हती, पण बिशपपुढे रिकामा खड्डा दाखवायचा तर कुणाला तरी पुढे करायला हवं होतं. उद्या दुपारपर्यंत पेटी सापडली नाही तर विल्सविथने वेशीबाहेर जायचं, असं तिने मान खाली घालून सांगितलं. वेशीबाहेर मेलेल्याला मठाची माती मिळत नाही. आणि विल्सविथ इतकी वर्षं जगत होती ती एकाच आशेवर. थोरल्या आईंनी मरताना सांगितलं होतं, की हिची वेळ आली की हिला माझ्या शेजारी ठेवा.

म्हातारीने दुन्नाचा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"दुन्ना, चमत्कार तर नसेल झाला ग?"

"झाला असेल तर साक्षीदार शोधते," दुन्ना म्हणाली. तिने वाकून ढिगाऱ्यातली मूठभर माती उचलली, बोटांत चुरली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मातीत शिंपल्यांचा चुरा होता.

२. पोटात शेत

सिगबाल्ड अंगणात घोड्याचा खूर तपासत होता. दुन्नाला पाहून त्याने तोंड वाकडं केलं. आत्याबाईंचा एखादा चमत्कार कमी पडतोय का, असं त्याने विचारलं. दुन्नाने आडपडदा न ठेवता सांगितलं की संत नाही तर मठ नाही, आणि मठ नाही तर जमीन तुझी. फायदा ज्याचा, त्याच्याकडे बोट जाणारच.

सिगबाल्ड चिडला नाही, उलट हसला.

"जमीन हवीय, खोटं कशाला बोलू? पण ती राजाच्या दरबारात मागेन. आत्याचं थडगं उकरायला मला वेड लागलंय का? लहानपणी मी बोबडा होतो. माझ्या आईने त्या भोकात हात घालून घालून मला एवढी माती पाजली, की पोटात शेत पिकायचं बाकी राहिलं. आजही ढाल उचलायच्या आधी मी चिमूटभर घेतो. माझ्या मुलांनाही देतो."

"शेवटची कधी घेतलीस?"

"गेल्या उन्हाळ्यात. पानगळीत आलो होतो शिकारीला, पण तेव्हा घेतली नाही. का?"

माणूस उद्धट होता, पण त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. शिवाय अशी माणसं चोरी करतात तेव्हा दार फोडतात, कुलूप शाबूत ठेवत नाहीत. तरी तिने त्याला मनातून पुसून टाकलं नाही. पानगळीत तो इथे होता, एवढं तिने ध्यानात ठेवलं.

३. लोहाराची मान

पाहुण्यांच्या खोलीत हुनबर्ट बिअरमध्ये जवाचा पाव बुडवून खात होता. हा खाडीपलीकडच्या एल्मिक मठाचा विद्वान. लॅटिन असं बोलायचा की ऐकणाऱ्याला आपणच अडाणी वाटावं. थोरल्या आई मठ उभारण्याआधी तरुणपणी एल्मिकला राहिल्या होत्या, त्यामुळे "मुळात त्या आमच्या" हे पालुपद त्याच्या तोंडी कायम असे. दुन्नाच्या लॅटिनवर हात फिरवण्यासाठी तो अधूनमधून येई. पानगळीत येऊन गेला होता आणि आता सोहळ्यासाठी आला होता.

त्याने डोळे पुसले. थोरल्या आई नाहीशा झाल्या हे ऐकून त्याला फार दुःख झालं म्हणे. पण संतांच्या इच्छेपुढे माणसाचं काय चालणार? कदाचित त्यांना इथे राहायचंच नसेल, असंही त्याने हळूच सुचवलं.

"प्रवास नीट झाला ना, बाबा?" दुन्नाने विचारलं.

"नाव काढू नकोस. मला पाण्याची भारी धास्ती. रिकामी होडी हेलकावे खाते, म्हणून तळाशी वाळूच्या पिशव्या घालून घेतो, तरी जीव मुठीतच असतो." मग तो जरा पुढे सरकला. "माझ्या लोहाराचं काय केलंस? चरित्रात घेतलास ना त्याला?"

दुन्नाला हसू आलं. लोहाराची गोष्ट त्याने थंडीत निरोप्याकरवी पाठवली होती. एल्मिकचा ब्राडा लोहार, मान वाकडी होऊन आखडलेली, वर्षानुवर्षं एकाच खांद्याकडे बघत जगणारा. त्याने थोरल्या आईंच्या गार शिळेवर गाल टेकला, तिथेच झोप लागली आणि उठला तो सरळ मान घेऊन. गोष्ट गोड होती, पण दुन्नाने ती बाजूला ठेवली होती. ब्राडा लोहाराला हेरनेसला आलेला कुणी पाहिलं नव्हतं. आणि शिळा? इथे लाकडी घराखाली नुसती माती. संतांची चरित्रं लिहिणारे शेजारच्या संताचा एखादा चमत्कार उचलतातच. शेजारणीकडून विरजण आणावं इतकं ते राजरोस चालतं, आणि कुठल्याशा दूरच्या संताच्या गोष्टीतली शिळा हुनबर्ट इथे काढायला विसरला असणार, असं तिने गृहीत धरलं होतं.

"पाहिलं कुणी?" तिने सवयीने विचारलं.

"मी. या डोळ्यांनी." हुनबर्टने छातीवर हात ठेवला, आणि त्याचे डोळे खरंच भरून आले होते.

दुन्ना खोलीबाहेर पडली ती गोंधळूनच. खोटं बोलणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती. त्यांचे डोळे असे भरून येत नसत.

४. आई रडतात

वेशीजवळ टिल्लाचं घर. कोळ्याची बायको, बिअर गाळणारी, आणि सदा कुठलं ना कुठलं दुखणं सांगणारी. चरित्रातले तीन चमत्कार एकट्या टिल्लाच्या अंगावर झाले होते. दुन्ना आली तशी तिने चौथा सांगायला सुरुवात केली.

"माती घेतेस अजून? पाण्यात कालवून?" दुन्नाने मधेच विचारलं.

"घेते की. पण ताई, खरं सांगू? पहिल्यासारखी गोड नाही राहिली. दाताखाली कचकच येते आणि पाणी खारट लागतं. साऱ्या गावाला ठाऊक आहे. थोरल्या आई रडतात म्हणून."

"कधीपासून रडतात?"

"पानगळीतल्या संत मार्टिनच्या सणापासून. मला पक्कं आठवतं, कारण डुक्कर कापलं होतं, मी जरा जास्त खाल्लं आणि पोट धरून थडग्यापाशी गेले. पाण्याचा घोट घेतला तर तोंड समुद्रासारखं झालं. मी नवऱ्याला म्हटलं, आई आपल्या पापांवर रडतायत. तो म्हणाला, तुझ्या एकटीच्या खादाडपणावरच रडत असतील."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लगेच विचारणार, पाहिलं कुणी. अश्रू काय दिसतात होय?"

दुन्ना मटकन पिंपावर बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. अख्खा गाव अर्धं वर्ष चोरीचा पुरावा पाण्यात कालवून पीत होता आणि हात जोडत होता.

लाकडी घराच्या छपराखाली पाऊस पोहोचत नाही, म्हणून त्या शिंपल्यांच्या, समुद्राच्या वाळूतला खार धुऊन गेला नव्हता. म्हणजे पेटी काल रात्री गेलीच नव्हती. ती गेली मागच्या पानगळीत.

५. चुकीचा प्रश्न

विल्सविथची किल्ली काढून घेऊन तिला धान्याच्या कोठारात बसवून ठेवलं होतं. ती माळ ओढत नव्हती की रडत नव्हती, नुसती बसली होती. दुन्ना तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. तिला या म्हातारीचा फार लळा होता.

"सगळ्यांनी तुला काल रात्रीचं विचारलं. मी पानगळीचं विचारते. मार्टिनच्या सणाला किल्ली कुठे होती?"

थंडीआधी जनावरं कापून मांस खारवायचा तो दिवस. मठातला हरेक हात त्या कामाला जुंपलेला असतो. विल्सविथचेही दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने आणि मिठाने माखले होते.

"तशा हातांनी आईंच्या थडग्याशी कशी जाऊ? आणि छपराखालचा दिवा तर लावायला हवा. पाहुणे म्हणाले, मी लावतो, रात्रभर प्रार्थनेलाही बसतो. इतक्या भक्तीने म्हणाले ग. मी म्हटलं, कमरेची किल्ली तुमच्या हातांनीच सोडून घ्या. सकाळी परत बांधून दिली त्यांनी."

"कोण पाहुणे?"

नाव ऐकून दुन्ना उठून उभी राहिली. पेटी काढली, तिच्या जागेपुरती माती कमी पडली आणि वरचा भाग भरायला जे हाताशी होतं ते ओतलं. होडीतली वाळू. पेटीचं वजन होडीत आल्यावर पिशव्यांची गरजही उरली नव्हती. सिगबाल्डने हे कधीच केलं नसतं. ज्याने ती माती लहानपणापासून प्यायली, तो तिथे समुद्राची वाळू टाकणार नाही. हे ज्याने केलं, त्याला इथले आजारी लोक त्या भोकातून हात घालून काय नेतात हे त्या रात्री आठवलंच नव्हतं. त्याच्या मठात संत फरशीखाली झोपतात.

फरशीखाली. लोहाराचा गाल, गार शिळा, हुनबर्टचे भरून आलेले डोळे. तो चमत्कार उसना नव्हताच, तो एल्मिकला घडला होता.

६. बिशपचा दात

दुसऱ्या दिवशी दुपारी बिशप आले ते गालाला फडकं बांधून. दात ठणकत होता, त्यामुळे स्वभावाला धार आली होती. रिकामा खड्डा पाहून त्यांनी फडक्यातूनच विचारलं, की मला एवढ्या लांब खड्डा बघायला बोलावलं का. रिकुलांनी विल्सविथला पुढे आणलं. सिगबाल्ड हाताची घडी घालून उभा होता. हुनबर्ट अगदी पुढे, हात जोडून.

दुन्ना गर्दीतून वाट काढत आली. तिच्या हातात पाण्याचा पेला होता.

"महाराज, निवाड्याआधी थोरल्या आईंची माती घ्या. दातावर चांगली."

बिशपांनी विश्वासापोटी म्हणा किंवा दातदुखीपोटी म्हणा, आतुरतेने मोठा घोट घेतला आणि चेहरा वेडावाकडा केला.

"हे खारट आहे."

"साक्षीदार म्हणून आपलं नाव लिहिते," दुन्ना म्हणाली. मग तिने शांतपणे हुनबर्टला विनंती केली, की लोहाराचा चमत्कार सगळ्यांदेखत सांगा, बिशपांपुढे सांगितलेल्याला वजन येईल.

हुनबर्टला नाही म्हणवलं नाही. लिहिणाऱ्याला आपली गोष्ट ऐकवायची संधी म्हणजे मांजरापुढे दूध. त्याने लोहाराची मान वर्णन केली, शिळेचा गारवा वर्णन केला, शिळेवर हलणारा दिव्याचा उजेडसुद्धा वर्णन केला. बायका डोळे पुसू लागल्या.

"ऐकलंत?" बिशप म्हणाले. "ती शिळा दाखवा मला."

कुणीच हललं नाही. ढिगाऱ्याशेजारी उतरवून ठेवलेलं छोटं लाकडी घर सगळ्यांसमोर होतं. हेरनेसमध्ये थोरल्या आईंवर शिळा कधी नव्हतीच. हुनबर्टच्या तोंडचा रंग हळूहळू उतरला.

मग दुन्नाने एकेक धागा सोडवला: शिंपल्यांचा चुरा, टिल्लाचं पोट, मार्टिनच्या सणाची किल्ली, होडीतल्या पिशव्या. टिल्ला मधेच ओरडून म्हणाली की मी तर तेव्हाच म्हटलं होतं, आणि तिच्या नवऱ्याने तिला खाली बसवलं.

"तिला यायचं होतं," हुनबर्ट अखेर म्हणाला. "रोगाच्या साथीत सगळे पळाले तेव्हा एल्मिकला ती एकटी माझ्या उशाशी बसली होती. मी एवढासा होतो. तिला इथे चिखलात सोडू? ती आपणहून आली, मी फक्त होडी वल्हवली."

दुन्नाला त्या क्षणी त्याची दया आली, पण तिने विल्सविथच्या गार बोटांची आठवण ठेवली.

"आपणहून गेल्या असत्या, बाबा, तर मागचा खड्डा वाळूने बुजवत बसल्या नसत्या."

आधी सिगबाल्ड हसला, मग बिशप, गाल धरून, आणि मग सगळं आवार. हुनबर्टने जमिनीवर गुडघे टेकले.

७. शेवटचा चमत्कार

त्याच संध्याकाळी होड्या निघाल्या. एल्मिकच्या चर्चमध्ये नव्या शिळेखाली पेटी सापडली. आत थोरल्या आईंच्या उशाला विल्सविथने ठेवलेली हाडाची फणी तशीच होती. दोन्ही बाजूंना दाते असलेली ती फणी आपणच आपल्या हातांनी घडवली, असं म्हातारी सगळ्यांना सांगत सुटली. परतताना पेटीशेजारी हुनबर्टला बसवलं. खाडीत वारं सुटलं होतं, पण होडी जराही डोलली नाही. लाटांवरून भजनाचा आवाज आला तसा हेरनेसचा अख्खा किनारा पाण्यात उतरला. सिगबाल्डने जोडे काढून होडीला खांदा दिला. जमिनीची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही, निदान त्या दिवशी तरी.

बिशपांनी हुनबर्टला शिक्षा दिली ती अशी: दुन्नाच्या चरित्राची सुंदर प्रत त्यानेच काढायची आणि लोहाराच्या चमत्काराखाली साक्षीदार म्हणून आपलं नाव, शिळा कुणाच्या मठातली होती त्यासकट, स्वतःच्या हाताने लिहायचं. बिशपांच्या दाताचा ठणकाही थांबला होता. मिठाच्या पाण्याने थांबला की थोरल्या आईंमुळे, हे ठरेना, म्हणून दुन्नाने तो चरित्रात घेतला नाही. बिशप थोडे रुसले.

थोरल्या आई वेदीशेजारी गेल्या, संत झाल्या. हंस संपले, पिंपं रिती झाली. पण विल्सविथ मात्र जुन्या खड्ड्यापाशी येऊन उभी राहिली. आई आत गेल्या, वेदीजवळ. तिथे बिशप आणि राजे झोपतात, सेवेकरी नाही. शेजारची जागा आता शेजारची राहिली नव्हती.

रिकुला तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. तिला वेशीबाहेर काढायला निघालेली बाई आज शब्द शोधत होती.

"विल्सविथ, त्यांनी तुला शेजारी ठेवायला सांगितलं होतं. ते आता जमत नाही. पण त्यांची ही जागा रिकामी आहे. लाकडी घर, कुलूप, सगळं तसंच ठेवू. ही तुझी."

म्हातारीने खड्ड्यात डोकावून पाहिलं. तिच्या सुरकुतलेल्या गालांवरून पाणी वाहत होतं. टिल्ला असती तर तिने तेही चाखून पाहिलं असतं. दुन्नाने किल्ली तिच्या कमरेच्या दोरीला पुन्हा घट्ट बांधली.

"थोरल्या आईंच्या अंथरुणात मी?" विल्सविथ म्हणाली. मग तिने नाक पुसलं आणि खणणाऱ्यांकडे वळली. "मग उभे काय राहिलात? आधी ढिगाऱ्यातली ती वाळू काढा. मला खारट चालणार नाही."